वारसांची फाइल: नागपुरात मृत व्यक्तीच्या मालमत्तेची कागदपत्रे कोणत्या क्रमाने लावावीत

तेरवी आटोपते, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि गेलेल्या माणसाची कागदांची पिशवी घरातल्या कुणा एकाच्या स्वाधीन होते. तीत पासबुके असतात, विम्याच्या पॉलिसी असतात, घरटॅक्सच्या पावत्या, लेआउट पाडणाऱ्या संस्थेचे पिवळे पडलेले वाटपपत्र आणि कुणालाच ठाऊक नसलेली एखादी मुदत ठेवीची पावती असते. माझ्या वडिलांची पिशवी माझ्याकडे आली तेव्हा मी ती घेऊन थेट बँकेत गेलो, तिथून विमा कार्यालयात, तिथून महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात, आणि पहिले चार महिने नुसत्या फेऱ्यांत घालवले. पुढे सासऱ्यांची आणि मावशीची कागदपत्रे लावताना लक्षात आले, की प्रत्येक खिडकीवर फिरून तेच विचारले जाते: माणूस गेला याचा पुरावा काय, आपण त्याचे कोण, आणि बाकीचे वारस कुठे आहेत? पहिल्या दोहोंची उत्तरे लवकर जमतात, फाइल अडते ती तिसऱ्यापाशी. म्हणून खालचा क्रम त्या तिसऱ्या प्रश्नाची तयारी आधी व्हावी अशा हिशेबाने लावला आहे.

मृत्यू प्रमाणपत्र: मजकूर तपासल्याशिवाय प्रत घेऊ नका

मृत्यूची नोंद माणूस जिथे राहत होता तिथे नव्हे, तर मृत्यू जिथे झाला तिथे होते. नागपुरात ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण भंडारा, गोंदिया, वर्धा, छिंदवाडा, बालाघाट या भागांतून रुग्ण मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा खासगी रुग्णालयात आणले जातात आणि मृत्यू येथे झाल्यावर नातेवाईक गावच्या ग्रामपंचायतीत दाखला मागत बसतात. रुग्णालयातील मृत्यूची माहिती रुग्णालयच निबंधकाला कळवते. मृत्यू घरी झाला असेल तर ती जबाबदारी कुटुंबाची असते, आणि त्यासाठी मृत्यूचे कारण लिहिलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र व अंबाझरी, मोक्षधाम, गंगाबाई अशा ज्या घाटावर अंत्यसंस्कार झाले तिथली पावती जपून ठेवावी. महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी मृत्यूचे ठिकाण ज्या झोनमध्ये येते, त्या कार्यालयात चौकशी करावी.

माहिती देण्याची मुदत २१ दिवसांची आहे. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, एक वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

या टप्प्यावर घाई होते ती नावाच्या बाबतीत. रुग्णालयाच्या केस पेपरवर दाखल करणाऱ्याने गडबडीत जे सांगितले तेच नाव नोंदीत उतरते. समजा, केस पेपरवर ‘लताबाई’ आहे, आधारवर ‘लता’ आहे, बँकेत माहेरच्या आडनावाने खाते आहे आणि घराच्या विक्रीपत्रात नावापुढे नवऱ्याऐवजी वडिलांचे नाव आहे. कायद्याच्या दृष्टीने ही एकच बाई असली तरी चार कार्यालयांच्या लेखी त्या चार बाया होतात. नोंद पक्की होण्याआधी आधार, पॅन आणि मालमत्तेचा मुख्य दस्त शेजारी ठेवून नावातील प्रत्येक अक्षर, वडिलांचे किंवा पतीचे नाव, पत्ता आणि तारीख ताडून पाहावी. जो फरक आता दुरुस्त होण्यासारखा नाही, त्यासाठी ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे वारसांचे प्रतिज्ञापत्र एकदाच नीट करून घ्यावे आणि त्यात नावाचे सगळे प्रकार एकत्र नमूद करावेत. प्रत्येक कार्यालयासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र करण्यात पैसे जातात आणि त्या प्रतिज्ञापत्रांतही पुन्हा फरक राहतात. माझा तसाच एक फरक राहिला होता, आणि तो निस्तरायला तिसरे प्रतिज्ञापत्र करावे लागले.

प्रमाणपत्राच्या निदान दहा प्रती घ्याव्यात. मूळ प्रत कुठेही सोडू नये. दाखवावी, साक्षांकित छायाप्रत द्यावी आणि परत घ्यावी.

मालमत्तेची वही

कुठेही अर्ज करण्यापूर्वी एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि मृत व्यक्तीच्या नावे काय होते, त्याची यादी करावी. पिशवीत सापडले तेवढेच खरे, असे धरू नये. गेल्या दोन-तीन वर्षांचे बँकेचे विवरण ओळीने वाचावे, कारण माणसाचे व्यवहार तिथे आपसूक लिहिलेले असतात: विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, लॉकरचे भाडे, डीमॅट खात्याचे वार्षिक शुल्क, कुठल्या तरी कंपनीकडून आलेला सव्वाशे रुपयांचा लाभांश. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे आणि तीत दोन लाख रुपयांचे संरक्षण असते, मात्र ते वयाच्या ५५ व्या वर्षापर्यंतच. २० रुपये वजा झाले असतील तर ती अपघात विम्याची सुरक्षा योजना आहे. ती ७० व्या वर्षापर्यंत चालते आणि अपघाती मृत्यूला तिथेही दोन लाख मिळतात. हे दोन आकडे पासबुकात दिसत असूनही कुणी दावा केला नाही, अशी घरे मी पाहिली आहेत.

दहा वर्षे हालचाल नसलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होतात आणि त्यांचा शोध ‘उद्गम’ या पोर्टलवर नाव व पॅन टाकून घेता येतो. सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात, ते वारसांना तिथून परत मागता येतात. आयकराच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी मंजूर झाली, की मृत व्यक्तीचे वार्षिक माहिती विवरण दिसू लागते, आणि ज्या बँकेचे नावही घरात कुणाला माहीत नव्हते तिथल्या ठेवीचे व्याज त्यात सापडते.

त्याच वहीत देणीही लिहावीत: गृहकर्ज, पीककर्ज, हातउसने, सोसायटीची थकबाकी. मृताच्या कर्जासाठी वारस आपल्या खिशातून बांधील नसतो, वारसाने मिळालेल्या मालमत्तेपुरताच बांधील असतो. तो स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी. गृहकर्जासोबत विमा काढलेला होता का, हे कर्जाच्या मंजुरीपत्रात आवर्जून पाहावे.

येथे एक सावधगिरी सांगतो, ती अनेकांना आवडत नाही. एटीएमचा पिन माहीत आहे म्हणून मृत्यूनंतर खात्यातून पैसे काढू नयेत. अंत्यविधीच्या खर्चासाठी काढले असे म्हणून पुढे कुणी ऐकत नाही, आणि दुसऱ्या वारसाने विवरण मागितले की त्या एका नोंदीवरून भावाभावांत वर्षभराचा वाद उभा राहतो.

वंशावळ: बाकीचे वारस कोण

वारस कोण हे घरातल्या समजुतीवर नव्हे, तर लागू असलेल्या कायद्यावर ठरते. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हा हिंदूंप्रमाणे बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. दीक्षाभूमीच्या या शहरातल्या बौद्ध कुटुंबांकडून आपल्याला वेगळा कायदा आहे का, असे बऱ्याचदा विचारले जाते, म्हणून हे स्पष्ट लिहिले. मुस्लिम कुटुंबांत वाटणी त्यांच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे होते, तर ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो.

मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगे, मुली, पत्नी आणि आई यांना प्रत्येकी समान वाटा मिळतो, आणि त्याच्या आधी वारलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्यावर त्यांची मुले येतात. वडील या पहिल्या वर्गात नाहीत. आई मात्र आहे, आणि नेमके तेच विसरले जाते. चाळिशीतला मुलगा गेला, मागे पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई राहिली, की घरचे लोक वंशावळीत तिघांचीच नावे लिहितात; खरे तर वारस चार आहेत आणि आईचा वाटा पाव आहे. तो वाटा कागदावर न दाखवता पुढे आई वारली, तर तिच्या पाव हिश्श्यावर तिच्या सर्व मुलामुलींचा हक्क येतो आणि सुनेला आपल्या राहत्या घरासाठी नणंदांच्या सह्या मागत फिरावे लागते. हिंदू स्त्रीच्या मालमत्तेचा क्रम वेगळा आहे: आधी मुले-मुली व पती, त्यांच्यामागे पतीचे वारस, आणि मग तिचे आईवडील. मात्र अपत्य नसलेल्या स्त्रीला आईवडिलांकडून वारसाने मिळालेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी जन्मतःच मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे हिस्सेदार, आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये निश्चित केले आहे.

हे ठरले की एका कोऱ्या कागदावर वंशावळ काढावी. त्यात विवाहित बहिणींची माहेरची व सासरची दोन्ही नावे, वारलेल्या भावंडांच्या मृत्यूच्या तारखा, प्रत्येकाचे वय व पत्ता असावा, आणि ती सर्वांना दाखवून, मान्य करून घेऊन मग प्रतिज्ञापत्रावर चढवावी. महाराष्ट्रात १४ ऑक्टोबर २०२४ पासून १०० व २०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा अनेक दस्तांसाठी ५०० रुपयांच्या मुद्रांकाने घेतली आहे, त्यामुळे चुकलेला कागद पुन्हा करणे आता स्वस्त राहिलेले नाही.

परदेशी असलेल्या वारसाला फक्त सह्यांसाठी बोलवावे लागत नाही. त्याने तिथल्या भारतीय वकिलातीसमोर किंवा अपॉस्टिल (परदेशात चालणारे अधिकृत प्रमाणीकरण) करून दिलेले कुलमुखत्यारपत्र चालते, पण ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर येथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. वारस अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल तर त्याच्या वाट्याच्या स्थावर मालमत्तेची विक्री न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही करता येत नाही. तसा प्रयत्न झाला तर सज्ञान झाल्यावर तो मुलगा व्यवहार रद्द करून मागू शकतो.

मृत्युपत्र असेल तर

मृत्युपत्र साध्या कागदावर असले तरी चालते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. मात्र त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी केलेले मृत्युपत्र हरवले असेल, तर मृत्यू प्रमाणपत्र जोडून दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळते. नागपुरात हिंदू व्यक्तीने येथील मालमत्तेबाबत केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, घेणे सक्तीचे नाही, तरीही एखाद्या वारसाचा आक्षेप असेल तर न्यायालयात जाणे टळत नाही. साक्षीदारांचा आजचा पत्ता व फोन लगेच वहीत लिहून ठेवावा, कारण वाद झाल्यास त्यांच्यापैकी निदान एकाची साक्ष लागते, आणि साक्षीदार सहसा मृत्युपत्र करणाऱ्याच्याच वयाचे असतात.

बँक, पोस्ट, शेअर

खातेदाराने नेमून ठेवलेल्या व्यक्तीला, म्हणजे नॉमिनीला, बँक पैसे देते, पण त्यामुळे तो मालक होत नाही. तो सर्व वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा असतो. शेअरच्या बाबतीतही हेच लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. जीवन विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास त्यांना लाभार्थी मानले आहे.

नॉमिनी असेल तर बँकेत दावा अर्ज, मृत्यू प्रमाणपत्र आणि नॉमिनीचे ओळखपत्र एवढेच पुरते; न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागण्याचे कारण नसते. नॉमिनी नसेल तर सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेले निर्देश उपयोगी पडतात. त्यांनुसार १५ लाखांपर्यंतच्या, आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी वारसांचा क्षतिपूर्ती बंध (नुकसान झाल्यास भरून देण्याची लेखी हमी) आणि इतर वारसांची ना-हरकत घेऊन रक्कम द्यायची आहे, तीही सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. वादग्रस्त दाव्याला हे लागू नाही. माझ्या वडिलांच्या एका ठेवीसाठी काउंटरवर प्रत्येक खेपेला एक नवा कागद सांगितला जाई. तिसऱ्या खेपेला मी हव्या असलेल्या सर्व कागदांची यादी लेखी मागितली, ती मिळाल्यावर कागद एकाच दिवशी दिले आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. त्यानंतर मला तिथे फक्त पैसे घ्यायला जावे लागले.

डीमॅटमधील शेअरसाठी नॉमिनी नसताना १५ लाखांपर्यंत साध्या कागदांवर हस्तांतर होते. कागदी शेअर प्रमाणपत्रे असतील तर ती मर्यादा प्रत्येक कंपनीमागे पाच लाख आहे. भविष्य निर्वाह निधीत जमा रकमेबरोबर निवृत्तिवेतन आणि सात लाखांपर्यंतचा विमा असे वेगळे दावे असतात. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर यांतला विम्याचा दावा हमखास विसरला जातो.

न्यायालयाचा कागद कधी लागतो

उत्तराधिकार प्रमाणपत्र फक्त येणे रकमा आणि रोख्यांसाठी असते. घर, प्लॉट, शेती यांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी वाद नसताना सहसा न्यायालयात जावेच लागत नाही, आणि एखाद्या कार्यालयाने आग्रह धरला तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला घ्यावा लागतो. नागपूरच्या रहिवाशाचा अर्ज सिव्हिल लाइन्समधील न्यायालयात होतो. अर्जासोबत मालमत्तेचे परिशिष्ट द्यावे लागते, आणि तिथेच वहीचा उपयोग कळतो: बँक, शाखा, खाते क्रमांक, मृत्यूच्या दिवशीची शिल्लक, शेअरची संख्या असे सर्व त्यात हवे. एखादे खाते राहिले तर प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. न्यायालयीन शुल्क रकमेच्या प्रमाणात असते, म्हणून जे पैसे नॉमिनीमार्फत मिळू शकतात ते परिशिष्टात ओढून शुल्क वाढवू नये.

घर, प्लॉट, शेती

घरटॅक्सच्या पावतीवर नाव चढले म्हणजे घर नावावर झाले, हा समज नागपुरात फार घट्ट आहे. झोन कार्यालयातील नोंद करवसुलीसाठी असते, तिच्याने मालकी सिद्ध होत नाही. मालकीची साखळी कुठे नोंदली आहे, हे जमीन कुणाची आहे त्यावर ठरते. जुन्या वस्तीत आणि भूमापन झालेल्या भागात नगर भूमापन कार्यालयातील आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) वारसांची नावे चढवावी लागतात. जमीन नझूलची (शहरातली सरकारी) किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्यावरची असेल तर आधी पट्ट्याची मुदत व भूभाटकाची, म्हणजे जमिनीच्या भाड्याची, थकबाकी तपासावी, कारण मुदत संपलेल्या पट्ट्यावर नामांतरणाचा अर्ज पुढे सरकत नाही. गुंठेवारीतून नियमित झालेल्या लेआउटमध्ये नियमितीकरणाचे आर.एल. पत्र आणि विक्रीपत्र दोन्ही जपलेले असावे. फ्लॅटच्या बाबतीत इमारत सहकारी संस्थेची आहे की डीड ऑफ अपार्टमेंटची (प्रत्येक फ्लॅटचा स्वतंत्र मालकी दस्त), हे पाहावे. सहकारी संस्था नॉमिनीला तात्पुरते सभासद करू शकते, पण मालक म्हणून सर्व वारसच राहतात.

शेतीसाठी मृत्यूपासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्यावा. ई-हक्क प्रणालीवरूनही तो देता येतो. नोटिशीनंतर आक्षेप न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि नावे सात-बारावर येतात. नोंद प्रमाणित झाल्यावर सात-बारा आणि आठ-अ या दोन्हींची नवी प्रत काढून नावे पुन्हा वाचावीत.

सर्व वारसांची नावे चढल्यानंतरच हक्कसोड किंवा वाटणीचा विचार करावा. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे; साध्या मुद्रांकावर नोटरी केलेल्या हक्कसोडीने स्थावर मालमत्तेतला हक्क जात नाही. तेरवीच्या मांडवातच बहिणींकडून सह्या घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही. बहिणीला मालमत्तेची वही दाखवावी, तिचा वाटा किती येतो ते सांगावे, आणि मग तिने सोडायचा की ठेवायचा ते ठरवू द्यावे. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र परत घेता येत नाही, आणि फसवून घेतले असे तिने पुढे न्यायालयात म्हटले तर घराची विक्री तिथेच थांबते.

उरलेली कामे

वाहनाच्या मालकाच्या मृत्यूची माहिती ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावी आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतराचा अर्ज करावा. नागपुरात शहर, पूर्व आणि ग्रामीण अशी तीन कार्यालये असल्याने क्रमांक एमएच ३१, ४९ की ४० ने सुरू होतो ते पाहून जावे. वीज व पाण्याच्या जोडणीवरील नाव बदलणे सोपे आहे, ते घराच्या नोंदीनंतर करावे. शिधापत्रिका आणि मतदार यादीतून नाव वगळण्याचे अर्ज सवडीने दिले तरी चालतात.

आयकराचे काम मात्र शेवटी ठेवून विसरू नये. १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाने भरायचे असते आणि त्यानंतरचे व्याज, भाडे ज्याच्या वाट्याला जाईल त्याच्या उत्पन्नात धरले जाते. परतावा निघत असेल तर तो वारसाच्या खात्यात येईपर्यंत मृताचे पॅन परत करू नये. शेवटची ठेव मोडली, शेवटचा परतावा जमा झाला, की मगच पॅन रद्द करण्याचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून ठेवावी.